तिसरी खुर्ची रिकामी ठेवू नका!

विजेचे बिल, दवाखान्याचा केसपेपर आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी राख. आपल्या अनेक कुटुंबांना या तिन्ही गोष्टींची आता सवयच झाली आहे. बिल वाढले की आपण बिलवाल्या माणसावर चिडतो. पोराला दम लागला की ऋतू बदलला म्हणतो. राख दिसली की पदराने पुसून टाकतो आणि नशीब म्हणून गप्प बसतो. पण नशीब हा शब्द तर बाबासाहेबांनी आपल्या घरातून १९५६ सालीच हद्दपार केला! मग तो मागच्या दाराने परत का येतो?

बिलाचा दर, चिमणीतून किती विषारी वायू सोडायचा त्याची मर्यादा, आणि दवाखान्यात कोणते औषध फुकट मिळायचे त्याची यादी, हे सारे कुणीतरी कुठेतरी कागदावर ठरवलेले असते. यालाच सरकारी भाषेत धोरण म्हणतात. धोरण आभाळातून पडत नाही. त्याचा आधी मसुदा होतो, मसुद्यावर हरकती मागवतात, सुनावणी होते आणि मग आदेश निघतो. या वाटेवर आपल्यासाठी काही दारे कायद्यानेच उघडी ठेवलेली आहेत. ती मोजक्या दिवसांसाठी उघडतात आणि बंद होतात. आपला समाज मोर्चाला हजारोंनी जमतो. पण तोवर बहुधा आदेश निघालेला असतो. ही दारे कोणती आणि त्यांतून आत कसे जायचे, हे आम्ही या लेखात मांडत आहोत.

बाबासाहेबांनी मांडलेली खुर्ची

बाबासाहेब म्हटले की आपल्याला महाडचे तळे आठवते, संविधान आठवते, दीक्षाभूमी आठवते. पण १९४२ ते १९४६ ही चार वर्षे आपल्या घरात फारशी सांगितली जात नाहीत. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्या खात्याकडे केवळ मजुरांचे प्रश्न नव्हते. वीज, पाटबंधारे आणि खाणी हेही विषय होते. म्हणजे आज ज्याला ऊर्जा धोरण म्हणतात, त्याचा पाया घातला जात होता तेव्हा त्या टेबलाशी एका अस्पृश्य सुभेदाराचा मुलगा बसलेला होता.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती टेबलाची. ७ ऑगस्ट १९४२ रोजी दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली त्रिपक्षीय मजूर परिषद भरली. त्रिपक्षीय म्हणजे सरकार, मालक आणि कामगार. ज्याच्या पोटावर निर्णयाचा परिणाम होणार, त्यालाही टेबलाशी खुर्ची हवी, हा त्यामागचा विचार. हीच ती तिसरी खुर्ची.

दुसरी गोष्ट विजेची. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. भारताला वीज हवी ती कशासाठी? त्यांचे म्हणणे असे की, दारिद्र्याच्या फेऱ्यातून माणूस बाहेर काढायचा तर उद्योग हवेत, आणि उद्योग हवेत तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी. वीज सरकारी असावी की खासगी, हा प्रश्नही त्यांनी याच कसोटीवर घासला. पुढे १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणीही याच काळातली. तिचा कायदा १९४८ मध्ये झाला.

तिसरी गोष्ट आरोग्याची. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब झरिया-धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. जानेवारी १९४४ च्या अखेरीस कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर कर बसवायचा आणि तो पैसा खाणकामगारांच्या घरांसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यांसाठी खर्च करायचा, अशी ती योजना. याच काळात कामगारांच्या आजारविम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवाल ऑगस्ट १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला. आपल्या गिरणीतल्या, कारखान्यातल्या मागच्या पिढीला मिळालेला ‘ईएसआयसी’चा दवाखाना हे त्याचेच फळ.

वाचकांनी यातला धागा ध्यानात घ्यावा. ज्या कोळशातून वीज, त्याच कोळशावर कर आणि त्याच करातून कोळसा काढणाऱ्याच्या छातीवर उपचार. वीज आणि आरोग्य यांचा हिशेब बाबासाहेबांनी एकाच वहीत मांडला. आजचे दुखणे असे की, हा हिशेब तीन वेगळ्या वह्यांत गेला आहे.

खुर्ची नसली की काय होते

तिसरी खुर्ची नसली की काय होते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. जून १९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीशी राज्य वीज मंडळाने रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार केला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदीचा करार झाला. वीज कोणत्या दराने घ्यायची, किती घ्यायची, कितीही महाग पडली तरी पैसे कसे द्यायचे, हे सारे बंद दाराआड ठरले. ज्या ग्राहकाच्या खिशातून पैसा जाणार, त्याला विचारण्याची सक्ती तेव्हा नव्हती. १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी होऊन नवा झाला, १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये न परवडणाऱ्या दरामुळे मंडळाला ती घेणे थांबवावे लागले.

या अनुभवाच्या काळातच एक चांगली गोष्ट झाली. ऑगस्ट १९९९ मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोग स्थापन झाला. पुढे २००३ च्या वीज कायद्याने पद्धत पक्की केली. दर वाढवायचा असेल तर वीज कंपनीने आयोगापुढे अर्ज करायचा, त्याचा गोषवारा वृत्तपत्रात छापायचा, लोकांच्या हरकती आणि सूचना आयोगाने विचारात घ्यायच्या आणि मगच आदेश द्यायचा. कायद्याच्या ९४ व्या कलमाप्रमाणे ग्राहकांची बाजू मांडण्यासाठी आयोग कुणालाही प्रतिनिधी म्हणून नेमू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची ‘प्रयास’ अशा संस्था ही बाजू मांडत आल्या आहेत. केंद्राच्या २००६ च्या दर धोरणात, महिन्याला अगदी थोडी, उदाहरणार्थ ३० युनिट, वीज वापरणाऱ्या दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला सवलतीचा दर देता येईल, अशी तरतूद आली. म्हणजे गरिबाच्या दोन दिव्यांचा विचार धोरणात आहे. पण तो दर प्रत्यक्षात किती असावा, हे ज्या सुनावणीत ठरते तिथे उद्योगांचे वकील आणि लेखापाल जाड फायली घेऊन येतात. आपल्यातले किती जण जातात?

एक चिमणी, तीन मंत्रालये

आता हाच प्रश्न चंद्रपूरला नेऊन पाहू. नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला दीक्षा दिली. ही आपली पवित्र भूमी. त्याच शहराला लागून राज्याच्या महानिर्मिती कंपनीचे सर्वात मोठे औष्णिक वीज केंद्र आहे, सुमारे २,९०० मेगावॅटचे. भोवती कोळशाच्या खाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात चंद्रपूरला ८३.८८ गुण पडले आणि ते देशात चौथे आले. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त विष! जानेवारी २०१० मध्ये अशा अतिप्रदूषित क्षेत्रांत नव्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी देणे काही काळ थांबवण्यात आले.

कोळसा जळाला की राखेबरोबर गंधकाचा वायू बाहेर पडतो. तो हवेत दूरवर जातो आणि त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात. ते श्वासावाटे फुप्फुसात खोल उतरतात. म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी अधिसूचना काढून वीज केंद्रांसाठी या वायूची मर्यादा प्रथमच ठरवली आणि जुन्या केंद्रांना दोन वर्षांची मुदत दिली. यासाठी चिमणीपूर्वी वायू शोषून घेणारी यंत्रणा बसवावी लागते. तिला ‘एफजीडी’ म्हणतात.

पुढे काय झाले ते पाहा. २०१७ ची मुदत २०२२ वर गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे अ, ब, क असे गट पाडून मुदत पुन्हा वाढवली. २०२२ मध्ये आणखी वाढवली. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षे दिली. आणि ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ‘क’ गटाला, म्हणजे देशातल्या तीनचतुर्थांशाहून अधिक संचांना, या मर्यादेतून बहुतांशी सूट दिली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांजवळच्या ‘अ’ गटाला २०२७ अखेरची मुदत राहिली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या ‘ब’ गटाचे काय करायचे, हे तज्ज्ञ समितीने एकेक केंद्र पाहून ठरवायचे आहे.

सरकारची बाजूही आपण ऐकली पाहिजे. भारतीय कोळशात गंधक कमी असते. केंद्रांभोवतीच्या हवेत या वायूचे मोजमाप मर्यादेतच आढळते. यंत्रणा महाग आहे आणि तिचा बोजा वीजदरावर पडेल, असे सांगितले जाते. शेवटचा मुद्दा खोटा नाही. हा खर्च दरातून वसूल करता येईल, असे ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केले होते. म्हणजे स्वच्छ हवा आणि स्वस्त वीज यांची ओढाताण खरी आहे. विरोधकांचे म्हणणे असे की, वायू केंद्राजवळ मोजून भागत नाही. त्यापासून दूरवर बनणारे कण कुणी मोजायचे?

आमचा मुद्दा यापुढचा आहे. यंत्रणेचा खर्च कंपनीच्या वहीत रुपये-पैशांत लिहिलेला असतो. तो ऊर्जा मंत्रालयापुढे जातो, तिथून चर्चेला येतो. यंत्रणा न बसवण्याचाही खर्च असतो. तो दम्याच्या पंपात असतो, आजोबांच्या खोकल्याच्या बाटलीत असतो, आजारी पोराला घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आईच्या बुडालेल्या रोजीत असतो. तो खर्च कुणाच्या वहीत आहे? वीज ऊर्जा मंत्रालयाची, हवा पर्यावरण मंत्रालयाची आणि खोकला आरोग्य मंत्रालयाचा. संविधानाच्या सूचीप्रमाणे वीज केंद्र आणि राज्य दोघांचा विषय; दवाखाने राज्याचा. चिमणीचा नियम करणारा एक आणि छाती तपासणारा दुसरा. ज्याने खर्च लिहून दिला त्याचा खर्च मोजला गेला. ज्याने लिहिला नाही त्याचा शून्य धरला गेला. गरिबाचा आजार असाच हिशेबातून गळतो.

लिहून दिले तर फरक पडतो का? पडतो. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा वीज केंद्रांच्या राखेने पाणी आणि शेते खराब होतात, अशी तिथल्या गावांची जुनी तक्रार. भोवतालच्या गावांतल्या पाण्याचे नमुने तपासले गेले आणि २०२१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री नांदगावला आले आणि तिथल्या राख बंधाऱ्यात राख टाकणे थांबवण्याचा आदेश त्यांनी दिला. तक्रार तीच होती. पण तिच्या पाठीशी कागद उभा राहिला.

गणपूर्ती नसलेली सभा

नवा मोठा प्रकल्प येतो तेव्हा पर्यावरणाची जनसुनावणी होते. १९९४ च्या अधिसूचनेत ती सक्तीची नव्हती. १९९७ मध्ये झाली. आज लागू आहे ती १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना. तिच्यातल्या चार गोष्टी घरातल्या शिकलेल्या मुलामुलींनी पाठ करून ठेवाव्यात.

पहिली, सुनावणीच्या किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना निघते; ती एका मोठ्या राष्ट्रीय दैनिकात आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते. दुसरी, प्रकल्पाचा मसुदा अहवाल आणि स्थानिक भाषेतला सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र अशा ठिकाणी वाचायला मिळतो. तिसरी, सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी यांच्यापुढे होते, तिचे चित्रण होते, हजर असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो आणि शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. चौथी गोष्ट सर्वात महत्त्वाची. या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. एकही गावकरी आला नाही तरी सुनावणी झाली, असेच कागदावर लिहिले जाते.

इथे आम्हाला २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील बाबासाहेबांचे भाषण आठवते. संसदीय पद्धत भारताला परकी नाही. बुद्धाच्या भिक्खू संघात बसण्याचे, ठराव मांडण्याचे, गणपूर्तीचे, मत मोजण्याचे नियम होते, हे त्यांनी तिथे सांगितले. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघाला गणपूर्ती हवी होती. आजच्या जनसुनावणीला ती नको! म्हणून गणपूर्ती आपणच करायची.

आणखी एक गैरसमज दूर करू. जनसुनावणी म्हणजे मतदान नव्हे. हजार माणसांनी ‘नको’ म्हणून घोषणा दिल्या तर इतिवृत्तात ‘लोकांनी विरोध केला’ एवढी एक ओळ येते. पण एका बाईने उठून, आमच्या वस्तीतली विहीर प्रकल्पापासून किती अंतरावर आहे आणि अहवालात ती का दाखवली नाही, असे विचारले, तर त्याचे उत्तर कंपनीला लेखी द्यावे लागते. २९ मे २०२३ रोजी कोराडीला ६६० मेगावॅटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. नागपूरचा मे महिना कसा असतो, हे सांगायला नको. तरीही अशा दिवशी मंडपात बसणे आणि बोलणे, हे आपले काम आहे.

इंग्रजीचे कुलूप

दारे उघडी असली तरी त्यांना भाषेचे कुलूप असते. २०२० मध्ये केंद्राने ही अधिसूचना बदलण्याचा मसुदा काढला. त्यात जनसुनावणीची ३० दिवसांची मुदत २० वर आणण्याचे सुचवले होते. मसुदा इंग्रजी आणि हिंदीत होता, आणि तोही टाळेबंदीच्या काळात. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी आदेश दिला की, आठव्या अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांत मसुद्याचे भाषांतर करा. आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. देशभरातून लाखो हरकती गेल्या. तो मसुदा नियम झाला नाही. शाळेत शिकलेली मराठी कुठे उपयोगी पडते असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण जरूर सांगावे.

केंद्र सरकारनेच २०१४ मध्ये ठरवले आहे की, नव्या कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा. हा दंडक नेहमी पाळला जातो असे नाही. पण न पाळल्यास बोट ठेवायला जागा तर आहे!

दवाखान्याच्या दारातही

आरोग्याचेही तसेच. ऐपत नाही म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ च्या अहवालात मांडले. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. ही वचने कागदावरून दवाखान्यात आणण्यासाठी महाराष्ट्रात २००७ पासून, प्रथम पाच जिल्ह्यांत, लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी केंद्रातली औषधे, डॉक्टरांची हजेरी, मिळणारी वागणूक यांची नोंद ठेवायची आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांपुढे ती वाचायची. आपल्या आयाबहिणींनी तिथे उभे राहून डॉक्टरांना जाब विचारला. ही पद्धत सरकारी योजना असो वा नसो, आपल्या वस्तीत चालवायला कुणाची परवानगी लागत नाही.

विहारात एक वही

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक बुद्धविहारात रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास या कामाला द्यावा. महिला मंडळाने एक वही घालावी. वस्तीत दमा, खोकला, त्वचेचे विकार किती जणांना आहेत, केसपेपर कोणत्या तारखेचा, औषधाला खर्च किती, बुडालेली रोजी किती, हे त्यात लिहावे. नाव उघड करायचे नसेल तर घर क्रमांक पुरे. कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी वृत्तपत्रातल्या जाहीर सूचना कापून फलकावर लावाव्यात; बारीक अक्षरातल्या त्या चौकटीतच आपली मुदत दडलेली असते.

हरकत लिहिताना भाषण लिहू नये. आपण कोण, कुठे राहतो, कोणत्या सूचनेवर लिहितो, तिचा क्रमांक आणि तारीख, आपला त्रास काय, पुरावा काय आणि मागणी काय, एवढे मराठीत एका पानावर लिहावे. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा किंवा हातोहात देऊन प्रतीवर पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज! उत्तर आले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांत विचारता येते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला ते दहा रुपयेही लागत नाहीत.

वज्जी लोक जोवर वरचेवर एकत्र जमतील, एकोप्याने विचार करतील, तोवर त्यांची भरभराटच होईल, असे भगवान बुद्धांनी सांगितल्याचे आपण विहारात ऐकतो. ते ऐकून हात जोडणे पुरेसे नाही. बाबासाहेबांनी १९४२ साली टेबलाशी मांडलेली तिसरी खुर्ची अजून तिथेच आहे. आता तिला कुठे हरकत म्हणतात, कुठे जनसुनावणी म्हणतात. पुढच्या रविवारी विहारात वही उघडा आणि पहिल्या पानावर तारीख घाला.

जय भीम!